हाडवैद्यांच्या शाळेतला हसरा पुतळा

एका राज्यात हाडे बसवणाऱ्या वैद्यांची एक शाळा होती. शाळेला सात ओसऱ्या, प्रत्येक ओसरीवर चाळीस शिष्य, आणि मधल्या चौकात सोन्याचा मुलामा दिलेला एक पुतळा. पुतळा शिवणीच्या लाकडाचा, माणसाएवढा उंच, आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर चार बोटांवर मोडलेला. शिष्याने तो हात ओढावा, हाड जुळवावे, कामट्या लावून बांधावे. बांधणी मनासारखी झाली की पुतळा हसे. पुतळा हसला की शिष्य वैद्य झाला. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवे तो हात पुन्हा मोडलेला. असे चाळीस वर्षे चालले, आणि हसऱ्या पुतळ्याची मुद्रा गळ्यात घातलेले हजार वैद्य त्या राज्यात झाले.

वैद्य वाढले तसे लंगडेही वाढले. तुम्ही म्हणाल, हे कसे? पण त्या राज्यात कोणी तसे म्हणत नसे. कोणाचा पाय वाकडा जुळला तर लोक म्हणत, "पायच अवलक्षणी." वैद्याच्या गळ्यातल्या मुद्रेकडे बघितले की पुढचे बोलणे आपोआप गिळले जाई.

शाळेचे आचार्य होते शिलाद. पंच्याहत्तरीचे, पाठ ताठ, हाताला थोडा कंप. भाजीत मीठ कमी पडले तर ते आचाऱ्याला सविस्तर सांगत, माळ्याला आंब्याचे कलम कसे बांधावे ते समजावत. पण शिष्यापुढे उभे राहिले की त्यांच्या मुखातून दोनच शब्द निघत, "शाबास" आणि "पुन्हा". लिहायला बसले तर लेखणीतूनही तेच दोन उतरत. त्यांच्या हाताखालच्या गुरुजनांचीही तीच गत. शिष्यांना वाटे, थोर माणसे कमीच बोलतात.

त्या शाळेत वेत्रवती नावाची एक शिष्या होती. बुरुडाची लेक. पाचव्या वर्षी सूप विणत होती, तर कामट्या बांधणे तिला काय जड? पुतळा इतरांना जन्मात एकदा हसे, तिला तीस दिवसांत तीस वेळा हसला. आचार्यांनी तीस वेळा "शाबास" म्हटले. पंचक्रोशीत तिचे नाव झाले.

आणि मग राजा वज्रबाहू घोड्यावरून पडला.

उजवा हात कोपराच्या वर मोडला. राजा बोले, दळ हाले. शाळेकडे पालखी धावली आणि वेत्रवतीला घेऊन आली. राजाला अफूची गुटी दिलेली, अंगावर शाल पांघरलेली. वेत्रवती मंचकाच्या त्याच बाजूला उभी राहिली, जिथे ती रोज पुतळ्यापाशी उभी राही. शाळेत पडलेल्या सवयीप्रमाणे तिने डोळे मिटले, हात सरसावले, आणि राजाचा डावा हात इतका सुबक बांधला की दासी बघत राहिल्या.

सहा आठवडे राजा कण्हत होता. "राजवैद्य, माझा उजवा हात ठणकतो," तो म्हणे. "महाराज, तीस वेळा पुतळा हसलेल्या हातांनी बांधले आहे. ठणकत नसणार," राजवैद्य म्हणे. राजाही मान डोलावी. मुद्रेपुढे राजाचे दुखणेसुद्धा खोटे ठरले, बघा! सातव्या आठवड्यात कामट्या सोडल्या, तेव्हा डावा हात धडधाकट होता आणि उजवा विळ्यासारखा वाकडा जुळला होता.

राजाने वेत्रवतीला दरबारात उभे केले.

"विजयादशमीला तीन महिने आहेत," तो म्हणाला. "त्या दिवशी मी उजव्या हाताने धनुष्य उचलीन. उचलता आले नाही, तर तुझे दोन्ही हात कोपरापासून तोडले जातील."

"महाराज, आज्ञा," वेत्रवती म्हणाली. दुसरे काय म्हणणार? ज्या हातांवर बापाने जीव टाकला, ज्या हातांचा तिला स्वतःला गर्व होता, त्याच हातांनी घात केला होता. आणि कसा केला, ते तिला अजून उमगले नव्हते.

ती धावत शाळेत आली. आचार्य चौकात उभे होते. तिने त्यांचे पाय धरले. "आचार्य, माझे काय चुकले?"

शिलादांचे ओठ हलले. डोळे भरून आले. अखेर शब्द निघाला तो एकच.

"पुन्हा."

"पुन्हा काय, आचार्य? कसे?"

"पुन्हा," आचार्य म्हणाले, आणि तोंड फिरवून आत गेले.

वेत्रवती पायरीवर बसून रडू लागली. समोर माळावर एक टिटवी राहत असे. आकाश पडू नये म्हणून पाय वर करून झोपणारी जात ती. जगाची काळजी तिच्याच माथी. ती टुणटुण उड्या मारत आली आणि माणसाच्या वाणीने बोलली.

"रडून हाड जुळत नाही, पोरी. ऐकायचे असेल तर सांगते. चाळीस वर्षांपूर्वी तुझ्या आचार्यांनी भर चौकात एका शिष्याचा असा पाणउतारा केला, की तो त्याच पावली गाव सोडून गेला. वर्षाने एका मांत्रिकाकडून भेट आली, हा पुतळा. 'तीनशे शिष्यांची परीक्षा घेऊन थकता, यापुढे हा घेईल,' असा निरोप. आचार्यांनी आनंदाने ठेवून घेतला. कष्ट वाचले ना! पुतळा चौकात बसला, आणि शिष्याला सांगायचे त्यांचे सगळे शब्द त्या मांत्रिकाच्या तांब्याच्या हंड्यात जाऊन पडले. दोन तेवढे उरले. आता आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"तो हंडा कुठे आहे?"

"मांत्रिक कर्कोटाच्या डोंगरावर. दहा दिवसांची वाट आहे. चल, दाखवते. मेले, माझे आकाश चार दिवस दुसऱ्या कोणीतरी सांभाळावे."

दहा दिवस चालून वेत्रवती डोंगरावर पोचली. कर्कोट दारातच उभा होता. उंच, राखाडी, लांब बोटांचा.

"हंडा हवा?" तो म्हणाला. "तीन कामे कर. जमली तर हंडा तुझा. एक जरी चुकले तरी आल्या वाटेने परत."

पहिले काम असे. अंगणात एक अस्वल होते. त्याला टोपली विणायला शिकवायची.

वेत्रवती मनात हसली. बुरुडाच्या लेकीला टोपली? तिने अस्वलापुढे बसून भराभरा विणून दाखवली. "बघितलेस? उचल, घाल, दाब, वळव." अस्वलाने जांभई दिली. तिने पुन्हा दाखवली, आणखी वेगाने, मग आवाज चढवून. शेवटी तिने स्वतःच टोपली पुरी करून त्याच्या पंजात ठेवली. पंजात ठेवताच टोपली सुटून तिच्या साऱ्या कामट्या झाल्या. तीन दिवस हेच.

चौथ्या दिवशी तिने विणणे सोडले आणि नुसते अस्वलाकडे बघत बसली. अस्वल झाडावर चढले, मधाच्या पोळ्याभोवतीच्या फांद्या एकीखाली एक, एकीवर एक अशा सारत त्याने वाट केली. वेत्रवतीने कपाळावर हात मारला. याला खाली-वर येते की! मला वाटले याला काहीच येत नाही.

तिने जमिनीवर सहा जाड फांद्या रोवल्या आणि सातवी त्याच्या पंजात दिली. "पोळ्यापाशी करतोस तसे." अस्वलाने एकीखालून, एकीवरून फांदी सारली. चुकली तिथे तिने हात पुढे केला नाही. हात पाठीमागे बांधून बसली. फार कठीण गेले हो तिला, येणाऱ्याला हात आवरणे हेच सगळ्यात अवघड. अस्वलाने फांदी काढली, हुंगली, पुन्हा घातली. फांद्या बारीक होत गेल्या. बाराव्या दिवशी अस्वलाने एक वेडीवाकडी टोपली विणली आणि तीत मध ठेवला. मध गळला, पण टोपली सुटली नाही.

"एक झाले," कर्कोट म्हणाला.

दुसरे काम असे. डोंगराच्या पोटात एक दरी होती. तिच्या काठी तीन दोरकरी तीन दोर वळत बसले होते. तीन दिवसांनी त्यांतला चांगला दोर निवडायचा आणि त्याला धरून दरी पार करायची. त्याआधी पुष्कळ जण आले होते. त्यांनी दोर हातात घेऊन बघितले, हुंगले, ओढले, सुबक तो निवडला. ते दरीच्या तळाशी होते.

वेत्रवतीने दोरांना हात लावला नाही. ती पहिल्याच दिवशी दोरकऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. "दरीत धुके असते, म्हणून दोर एक रात्र पाण्यात भिजवीन. मग त्याला माझ्या दुप्पट वजनाचा दगड बांधून सकाळपासून दुपारपर्यंत टांगीन. जो टिकेल तो चांगला."

पहिल्या दोरकऱ्याने आपला लाल रंगवलेला दोर बघितला आणि तो उसवायला बसला. दुसरी एक म्हातारी होती. "आधी का नाही सांगितले कोणी?" ती करवादली. "मी आपली मऊ व्हावा म्हणून रेशीम घालत होते. सुंदर दिसावा म्हणून." तिनेही उसवला. तिसऱ्याचा दोर आधीच घट्ट होता, त्याने आणखी एक पीळ घातला. चौथ्या दिवशी तिन्ही दोर भिजले, तिन्हींना दगड टांगले, आणि दुपारी तिन्ही दगड जिथल्या तिथे होते.

कर्कोट चिडला. "मी एक निवडायला सांगितले होते."

"तिन्ही टिकले, तर दोघांना वाईट कसे म्हणू?" वेत्रवती म्हणाली, आणि म्हातारीच्या दोराला धरून दरी पार करून आली.

तिसरे काम ऐकण्याआधी टिटवीने डोळे मिटून घेतले. कर्कोट वीणा घेऊन अंगणात बसला. अंगणात शंभर शिळा होत्या आणि झाडांवर शंभर पोपट.

"मी वाजवतो," तो म्हणाला. "तू ऐक आणि बोल. ज्यांनी वाईट म्हटले, त्यांच्या शिळा झाल्या. ज्यांनी वाहवा केली, त्यांचे पोपट झाले."

"वा! वा!" पोपट ओरडले.

कर्कोटाने वाजवले. खरे सांगायचे तर ऐकवत नव्हते. सूर उमलतोय असे वाटे आणि मधेच मोडे. वेत्रवतीच्या जिभेवर "शाबास" आले, कारण तीस वेळा तिने तेच ऐकले होते. मग "पुन्हा" आले, कारण शेवटी तेच ऐकले होते. तिला त्या पायरीवरचे रडणे आठवले. तिने दोन्ही शब्द गिळले.

"महाराज, आणखी एकदा वाजवा. मी फक्त तुमच्या बोटांकडे बघेन."

त्याने वाजवले. तिने तिसऱ्यांदा वाजवायला लावले. मग म्हणाली, "तुमचा डावा हात अचूक आहे, एकही जागा चुकत नाही. पण उजव्या हाताचे बोट दुसऱ्या तारेवरून लवकर उठते. सूर पुरा होण्याआधीच. कोणीतरी ओरडेल म्हणून घाबरून उठावे, तसे. दोन श्वास ते तिथेच राहू द्या. पुन्हा वाजवा. मी इथेच बसले आहे."

कर्कोटाने तार छेडली. बोट एक श्वास थांबले, थरथरले, दुसरा श्वास थांबले. सूर पुरा झाला. डोंगरावरून तो दरीत गेला आणि परत आला. शिळांची माणसे झाली, पोपटांची माणसे झाली, आणि जो तो आपापल्या घरच्या वाटेला लागला.

कर्कोट मात्र वीणेवर डोके टेकून रडत होता. "चाळीस वर्षांत मला कोणी असे सांगितले नाही," तो म्हणाला.

"त्याआधी काय सांगितले होते?" वेत्रवतीने विचारले.

"'हे हात नव्हेत, लाकूड आहे. तू कधी वैद्य होणार नाहीस.' भर चौकात. म्हणून मी त्याला लाकूडच पाठवले. हसणारे."

तेव्हा वेत्रवतीला कळले की तो गेलेला शिष्य कोण. तिने हंड्याकडे बघितले, मग त्याच्याकडे. "हंडा जड आहे," ती म्हणाली. "उचलायला तुम्हीच चला."

परतीच्या वाटेला अस्वलाने हंडा पाठीवर घेतला, म्हणून ते लवकर पोचले. शाळेच्या चौकात कर्कोटाने झाकण काढले. आतून चाळीस वर्षांचे शब्द बाहेर पडले, मोहोळ उठावे तसे. "अंगठा जरा खाली घे." "रोग्याच्या तोंडाकडे बघ." "गाठ बरोबर आहे, जागा चुकली." "डोळे उघड." "दमलास, बस, मग करू." सात ओसऱ्यांवरचे शिष्य माना वर करून ऐकत राहिले. "डोळे उघड" हे शब्द वेत्रवतीच्या कानाशी आले. हे तिच्यासाठीच होते. तीस दिवस, तीस वेळा आचार्य तिला हेच सांगू बघत होते.

पण पुतळा हसतच होता. हंड्याच्या तळाशी एक वाक्य चिकटून बसले होते, काही केल्या निघेना.

शिलाद आचार्य पुढे आले. त्यांनी बाही सारली, हात हंड्यात घातला आणि ते वाक्य ओढून काढले. ते वाक्य त्यांच्याच आवाजात चौकभर घुमले, "हे हात नव्हेत, लाकूड आहे." म्हाताऱ्या आचार्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले. मग कर्कोटाकडे वळून म्हणाले, "कर्कोटा, त्या दिवशी रोगी ओरडला आणि तू हाड अर्ध्यावर सोडलेस. घाबरलास. पहिल्या खेपेला सगळेच घाबरतात. मी शेजारी उभे राहून तुझ्या हातावर हात ठेवायला हवा होता. मी दुरून ओरडलो. चूक तुझी एवढीशी होती, माझी मोठी."

कर्कोटाने वाकून आचार्यांच्या पायांना हात लावला. त्याच क्षणी पुतळ्यावरचा सोन्याचा मुलामा तडकून खाली पडला. हसू गेले. उरले शिवणीचे चांगले, वाळलेले, सरळ लाकूड.

वेत्रवतीने बापाची कोयती आणवली आणि त्या लाकडाच्या कामट्या फोडल्या.

विजयादशमीला सात आठवडे उरले असताना ती पुन्हा राजापुढे गेली. वाकडे जुळलेले हाड मोडून पुन्हा बसवायचे होते. राजाने दात आवळले आणि डोळे मिटले. वेत्रवतीने मात्र आपले उघडे ठेवले. ती मंचकाला एक फेरी घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि खाली बसली.

"महाराज, कुठे दुखते?"

राजाने डोळे उघडले. त्याने बोट ठेवले. "इथे."

"दाबल्यावर, की नुसतेही?"

"नुसतेही. आणि इथून खाली मुंग्या येतात."

कर्कोटाने खांदा धरला. वेत्रवतीने कोपर धरले. शिलाद दोघांच्या मध्ये उभे राहिले. त्यांचे हात आता थरथरत, पण शब्द थरथरत नव्हते. "ओढ. सावकाश. आता मोडेल, घाबरू नका. मोडले. कर्कोटा, महाराज ओरडतील, तू सोडू नकोस. दोन श्वास. धरलेस, छान धरलेस. पोरी, अंगठा अर्धे बोट वर. तिथे नाही, तिथे. कळले हाताला?"

"कळले," वेत्रवती म्हणाली. राजा ओरडला तसा महाल हलला. कर्कोटाने सोडले नाही.

सहा आठवडे कामट्या राहिल्या. सातव्यात सुटल्या. विजयादशमीला सारी प्रजा पटांगणावर जमली, लंगडेही आले, आणि बाजूला कोयता घेऊन राजाचा सेवक उभा होता. राजाने धनुष्याकडे उजवा हात नेला. हात सरळ होता. धनुष्य उचलले गेले. प्रत्यंचा मात्र कानापर्यंत आली नाही, तीन बोटे उरली.

"तीन बोटे कमी आहेत, महाराज," वेत्रवती म्हणाली. "रोज सकाळी तिळाचे तेल लावून कोपर वाकवा. पौषात पुरी येईल."

राजाने कोयतेवाल्याला जायची खूण केली. वेत्रवतीने आपल्या दोन्ही हातांकडे बघितले आणि मग ते तोंडावर घेतले. गर्दीतला तिचा बाप वाट काढत पुढे आला.

"शाबास!" राजा म्हणाला.

शिलाद आचार्य काठी टेकत पुढे झाले. "क्षमा असावी, महाराज. आमच्या शाळेत आता नुसते शाबास चालत नाही. कशाबद्दल, तेही सांगावे लागते."

राजा विचारात पडला. आपल्या उजव्या हाताकडे त्याने पुष्कळ वेळ बघितले.

"हिने बांधण्याआधी मला विचारले," तो म्हणाला. "कुठे दुखते म्हणून."

त्या दिवसापासून शाळेच्या चौकात पुतळा नाही. तिथे गावचे लंगडे येतात, शिष्य त्यांच्यापाशी बसतात, आणि आचार्य शिष्यांपाशी. उजवीकडच्या ओसरीवर कर्कोट शिकवतो. टिटवी पुन्हा आकाश सांभाळते. जसे राजाला कोणी विचारले, तसे तुम्हा-आम्हालाही कोणी विचारो, आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबो.